येतंय असं वाटणं

मार्चच्या मध्यावर सांगलीतल्या हातगाड्यांवर द्राक्षं स्वस्त व्हायला लागतात आणि त्याच सुमारास कधीतरी ‘गेट’चा निकाल लागतो. द्राक्षांची बातमी गल्लीतून ओरडत येते, निकालाची माझ्या फोनवर. कॉलेजात गणित शिकवायचं थांबवून मला बरीच वर्षं झाली, पण इंजिनिअरिंगच्या मुलांच्या लेखी मॅडम कधी निवृत्त होत नाहीत. ज्यांची रँक चांगली आली ती मुलं निकालाचा फोटो पाठवतात, खाली हात जोडल्याची चित्रं. ज्यांची आली नाही ती फोटो पाठवत नाहीत. ती संध्याकाळी उशिरा विचारतात, ‘मॅडम, घरी आहात का?’ एवढ्यावरून मला आकडा साधारण कळतो. मी चहाचं आधण ठेवते.

ज्यांच्या घरात इंजिनिअर नाही त्यांच्यासाठी सांगायचं तर ‘गेट’ ही एम.टेक.च्या प्रवेशाची परीक्षा. बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था आणि सात आयआयटी ती आळीपाळीनं घेतात. फेब्रुवारीत ३ तास, ६५ प्रश्न, १०० गुण. निकालाच्या कागदावर तीन आकडे येतात : शंभरपैकी गुण, हजारपैकी स्कोअर आणि देशातली रँक. घरचे पहिला आकडा बघतात, कॉलेजं दुसरा बघतात आणि मूल स्वतः तिसऱ्याकडे बघत रात्र काढतं.

काही वर्षांपूर्वी अशीच एक मुलगी आली. तासगावकडची, सिव्हिलची, वडिलांची द्राक्षबाग. माझ्याकडे दोन सेमिस्टर गणिताला बसलेली, म्हणजे तिची वही मला माहीत होती. रेषा आखल्याशिवाय उत्तर न लिहिणारी. विश्रामबागेतल्या माझ्या व्हरांड्यात ती बसली, पाण्याचा तांब्या तोंडाला न लावता नुसता हातात धरून. शंभरपैकी ४१ पडले होते.

आता ४१ म्हणजे काय, हे सांगणं सोपं नाही. तिला दहावीला ९४ टक्के होते. घरात, भावकीत, सगळ्या गल्लीत ती ‘चौऱ्याण्णववाली’ होती. एप्रिलमध्ये लग्नसराई, आणि पंगतीत बसलेल्या आत्यानं वाढप्याच्या देखत विचारलं, ‘गं, एक्केचाळीस? म्हणजे पस्तीसच्या वर आहेस ना?’ त्यावर हजारो पोरांना यातलं निम्मंही पडत नाही, असं हिनं सांगून बघितलं. आत्यानं जिलेबी घेतली. गावात दुसऱ्या दिवशी दोन मतं झाली : एक, पोरगी कशीबशी काठावर सुटली, दोन, आता किती शिकायचं, एखादं चांगलं स्थळ बघा.

खरं तर ४१ गुणांवर ती पात्र होती, चांगली पात्र होती. अडचण होती ती स्कोअरची. गुणांचा स्कोअर करायचं ‘गेट’चं सूत्र मला पहिल्यापासून आवडतं, कारण त्यात लपवाछपवी नाही. पात्रतेची एक रेषा असते. ती त्या पेपरच्या सरासरीत प्रमाण विचलन मिळवून काढतात, मात्र खुल्या गटासाठी २५ च्या खाली येऊ देत नाहीत. त्या रेषेवर उभ्या असलेल्याला ३५० स्कोअर. अगदी वरच्या एक दशांश टक्का मुलांच्या सरासरी गुणांना ९००. बाकी सगळे या दोन बिंदूंतून जाणाऱ्या सरळ रेषेवर. हिशोब सोपा व्हावा म्हणून धरून चालू की पात्रता २८ ला आहे आणि वरच्यांची सरासरी ८३. मधले ५५ गुण, त्यांना स्कोअरचे ५५०. म्हणजे एक गुण म्हणजे बरोबर दहा. तिचे ४१ म्हणजे ४८०. तिला हव्या त्या ठिकाणी जायला सहाशेच्या वर लागत होतं. मधलं अंतर बारा-चौदा गुणांचं.

‘एवढंच ना?’ असं कुणी म्हणू नये. पहिले चाळीस गुण अभ्यासानं येतात, त्याच्या पुढचे चौदा कशानं येतात ते कुणी नीट सांगत नाही. क्लासचे फ्लेक्स सांगतात, पण त्यावर फोटो असतो पहिल्यात आलेल्याचा, आणि पहिल्यात येणाऱ्याला बहुधा स्वतःलाही माहीत नसतं की तो कसा आला.

दुसऱ्यांदा परीक्षा द्यावी का, हा प्रश्न घेऊन येणाऱ्या सगळ्यांना मी ‘दे’ म्हणत नाही. मेकॅनिकलचा एक मुलगा होता, पेपरविषयी बोलताना जांभया द्यायचा आणि अंगणातला माझा बंद पडलेला पंप दिसल्यावर बाह्या सरसावायचा. त्याला मी म्हटलं, तुझा स्कोअर खोटं बोलत नाही, तू दुकान टाक. त्याचं दुकान चांगलं चालतं. पण या मुलीनं पाणी कसं वाहतं यावर माझ्याशी तासभर वाद घातला होता, तो मला आठवत होता. शिवाय ‘गेट’चा स्कोअर तीन वर्षं चालतो. पुढच्या वर्षी कमी पडले म्हणून या वर्षीचे पुसले जात नाहीत, जो बरा असेल तो पुढे करायचा. हरण्याची भीती एवढी कमी असलेल्या परीक्षा आपल्याकडे थोड्याच. हे मी तिला सांगितलं. तिनं मान हलवली आणि पहिल्यांदा पाणी प्यायली.

वडिलांना भेटायला मीच गेले. त्यांच्या बागेत त्या आठवड्यात खरड छाटणी चालू होती. ज्यांनी बघितली नसेल त्यांना सांगते, एप्रिलमधली द्राक्षबाग बघवत नाही. नुकता माल निघालेला, आणि आता माणसं कात्र्या घेऊन सगळी काडी उतरवतात, एखाददुसरा डोळा ठेवून. पानंही नाहीत, सावलीही नाही. उन्हात नुसते मांडव आणि तारा. या छाटणीनंतर जी नवी काडी फुटते तिला फळ धरायचं नसतं. पण पुढच्या हंगामाचा घड धरायचा की नाही, हे त्या काडीच्या डोळ्यात उन्हाळ्यातच ठरून जातं. ऑक्टोबरात दुसरी छाटणी करायची, मग जे आत ठरलेलं असतं ते बाहेर येतं. उन्हाळ्यात काडी नीट तयार झाली नसेल तर ऑक्टोबरात कितीही औषध मारा, उपयोग नाही.

‘एप्रिलची छाटणी बघायला कोण येत नाही, मॅडम,’ ते म्हणाले. ‘व्यापारी येतो फेब्रुवारीत.’ मग जरा थांबून, ‘ही म्हणते अजून एक वर्ष. मला परीक्षेतलं कळत नाही. पण बाग एका वर्षाची नसते एवढं कळतं.’ मी काही बोलले नाही. बोलण्यासारखं त्यांनी शिल्लक ठेवलं नव्हतं. निघताना त्यांनी सोनाकाचा बेदाणा बांधून दिला, तो मी वर्षभर पुरवून खाल्ला.

परीक्षेनंतर उमेदवाराला स्वतःची रिस्पॉन्स शीट मिळते. कुठल्या प्रश्नाला कुठल्या पर्यायावर बोट ठेवलं, कुठला सोडला, सगळं त्यात असतं. सोबत अधिकृत आन्सर की असते. नापसंत निकालानंतर मुलं हे दोन कागद उघडतच नाहीत. निकाल कळलेला आहे, आता ते जखमेवरची पट्टी काढून कशाला बघायचं! नवी पुस्तकं घेतात, नवी टेस्ट सिरीज घेतात, भिंतीवर नवं वेळापत्रक चिकटवतात. वेळापत्रकात सकाळचे साडेचार लिहितात. मला त्या साडेचारचा फार राग आहे. जे मूल आयुष्यात कधी साडेचारला उठलेलं नाही ते एका निकालामुळे कसं उठेल, आणि उठलं तरी तेच पुस्तक, तीच पानं, तशीच वाचणार. पुन्हा वाचताना पान ओळखीचं वाटतं. ते ओळखीचं वाटणं म्हणजे येणं, अशी समजूत होते.

२००६ साली अमेरिकेतल्या रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला होता. विद्यार्थ्यांना उतारे वाचायला दिले. काहींनी उतारा पुन्हा वाचला, काहींनी तो मिटून आठवेल तेवढं लिहून काढलं. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानं घेतली तेव्हा लिहून काढणारे. आमच्या आजीला हे प्रयोगाशिवाय माहीत होतं, ती पाढे म्हणून घ्यायची आणि पुस्तक आपल्या मांडीखाली ठेवायची.

तर आम्ही रिस्पॉन्स शीट उघडली. तिच्या लॅपटॉपवर ती, माझ्या हातात पेन्सिल. चुकलेले एमसीक्यू मोजले, एका गुणाचे सात आणि दोन गुणांचे सात. एका गुणाचा चुकला की तृतीयांश गुण जातो, दोन गुणांचा चुकला की दोन तृतीयांश. बेरीज केली तर बरोबर सात. मिळवलेल्या ४८ मधून सात परत दिलेले. स्कोअरच्या भाषेत सत्तर.

‘सिली मिस्टेक्स,’ ती म्हणाली.

हा शब्द मी तीसेक वर्षं ऐकत आलेय. मुलं त्यात सगळं कोंबतात. बेरीज चुकली ती सिली, सूत्र आठवलं नाही तेही सिली, प्रश्न कळलाच नव्हता तेही. तसं म्हटलं की मन हलकं होतं, कारण मूर्खपणा हा पाहुण्यासारखा असतो, पुढच्या वेळी तो येणार नाही असं धरता येतं. मी तिला म्हटलं, चौदाच्या चौदा प्रश्न इथे पुन्हा सोडव, माझ्यासमोर, घड्याळ न लावता. आणि प्रत्येकापुढे लिही, परीक्षेत उत्तर दाबताना किती खात्री होती.

संध्याकाळ त्यात गेली. मध्ये लाईट गेली, आम्ही मेणबत्ती लावून बसलो, डासांनी काही सोडलं नाही. चौदांपैकी निव्वळ तुक्का मारलेले दोनच निघाले. हे ऐकून तिला नवल वाटलं, मला नाही वाटलं. निगेटिव्ह मार्किंगचं गणितच असं आहे. चार पर्यायांचा एका गुणाचा प्रश्न डोळे मिटून ठोकत गेलो तर चारातून सरासरी एक बरोबर येणार, अधिक एक. तीन चुकणार, तीन तृतीयांश, उणे एक. शून्य. पेपर काढणाऱ्यांनी हा तृतीयांश उगीच निवडलेला नाही. आणि एक पर्याय खात्रीनं बाद करता आला तर तीनांत एक बरोबर, दोन चूक, हाती तृतीयांश गुण उरतो. म्हणजे डोळे मिटून मारलेला तुक्का सरासरीनं काही नेत नाही. न येण्याला या पेपरात दंड नाही. दंड आहे तो येतंय असं वाटण्याला.

बाकीच्या बारांपैकी बहुतेकांपुढे तिनं ‘पक्कं’ लिहिलं होतं.

त्यातला एक प्रश्न मी विसरणार नाही. चिकणमातीचा ६ मीटर जाडीचा थर, वर वाळू, खाली वाळू. वर इमारतीचा भार आला की मातीतलं पाणी हळूहळू निघून जातं आणि थर दबतो. अमुक इतका दबायला किती काळ लागेल? टेर्झागीचा सिद्धांत. लागणारा वेळ पाण्याच्या वाटेच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. पाणी वरूनही निघू शकतं आणि खालूनही, म्हणून सर्वांत लांबची वाट ६ मीटरची नाही, ३ मीटरची. हिनं ६ धरले होते. उत्तर चौपट आलं, आणि ते चौपट उत्तर ‘सी’ या पर्यायात हिची वाट बघत बसलेलं होतं. ते तिथे योगायोगानं नव्हतं. पेपर काढणारा माणूस शिक्षकच असतो, मुलं कुठे घसरतात हे त्याला ठाऊक असतं, आणि चुकीचे पर्याय तो त्या घसरणीवरच रचतो. आपलं उत्तर पर्यायात दिसलं की मूल खूष होतं. अंकांचा डबा असता तर (पूर्णांक-दशांश स्वतः टाइप करायचे प्रश्न, त्यांना उणे गुण नसतात) निदान ती खात्री तरी मिळाली नसती.

‘पण हे तर मी रूममेट्सना शिकवलंय!’ ती म्हणाली, आणि तिथे मात्र तिचा आवाज चिरकला. ४१ बघून नव्हता चिरकला.

मला त्या वेळी दुसरं एक संशोधन आठवलं, २००१ सालचं, बटरफील्ड आणि मेटकाफ यांचं. लोकांना सामान्यज्ञानाचे प्रश्न विचारले, उत्तराबरोबर खात्री किती तेही विचारलं, मग बरोबर उत्तर सांगितलं. पुढच्या चाचणीत असं दिसलं की ज्या चुका लोकांनी ठाम खात्रीनं केल्या होत्या त्याच जास्त सुधारल्या. खात्री नसताना केलेल्या चुका मात्र तितक्या सुधारल्या नाहीत. आपल्याला वाटेल उलट व्हावं, ठाम गैरसमज खोल रुजलेला असतो. पण खात्री मोडली की माणूस दचकतो, आणि दचकलेला माणूस लक्ष देतो. ही मुलगी दचकली होती. मी चहा पुन्हा गरम केला.

त्या उन्हाळ्यात तिनं नवं पुस्तक घेतलं नाही. वडिलांच्या बेदाण्याच्या हिशोबाची लांबट वही घेतली. डावीकडे प्रश्न, मग उत्तर, मग खात्री : ‘पक्कं’, ‘वाटतंय’ किंवा ‘ठोकलं’. खात्री की बघायच्या आधी लिहायची, नंतर नाही. ही एकच अट मी घातली होती. शेवटचा रकाना चुकीच्या कारणाचा, आणि त्यात ‘सिली’ लिहायला बंदी. ‘दोन बाजूंनी निचरा, जाडी निम्मी केली नाही’ असं लिहायचं. ‘कॅल्क्युलेटर डिग्रीत होता, कोन रेडियनमध्ये’ असं लिहायचं. (‘गेट’ला स्वतःचा कॅल्क्युलेटर नेता येत नाही. पडद्यावरच्या कॅल्क्युलेटरची बटणं माउसनं दाबायची. मुलं वर्षभर हातातल्या यंत्रावर सराव करतात आणि परीक्षेच्या दिवशी माउसवर अडखळतात.) पहिल्या महिन्यात तिच्या ‘पक्कं’मधलं दर पाचातलं एक चुकत होतं. हा आकडा तिनं स्वतः काढला, आणि मला सांगताना असा सांगितला की जणू घरात चोर कोण ते कळलं.

पावसाळा लागला आणि तिचं येणं अनियमित झालं. बागेत डावणीची भीती, फवारणीच्या नोंदी ती ठेवायची. पण नेमक्या त्याच महिन्यांत तिचा हायड्रॉलॉजीचा अभ्यास चालला होता, आणि सांगलीच्या माणसाला पावसाळ्यात हायड्रॉलॉजी शिकवावी लागत नाही. कोयनेतून किती क्युसेक सोडलं हे इथे भाजीवाली सांगते. कृष्णेची पातळी आम्ही आयर्विन पुलापाशी मोजतो, फुटांत. ४० फुटांना इशारा, ४५ ला धोका, आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये ५७ च्या वर गेली होती, ते आकडे अजून लोकांच्या घराच्या भिंतींवर खुणा करून ठेवलेले आहेत.

युनिट हायड्रोग्राफ हा तिचा जुना दुखरा विषय. सगळ्या खोऱ्यावर एक सेंटीमीटर पाणी वाहून जाईल असा पाऊस ठरावीक तास पडला तर नदीत प्रवाह कसा चढेल आणि उतरेल, त्याचा आलेख. मोठ्या पावसासाठी तेच आलेख पुढे सरकवून एकमेकांवर रचायचे. सरकवण्यात ती हमखास एक ओळ चुकायची. त्या जुलैत तिनं रोज सकाळी पेपरातली आयर्विनची पातळी आलेखाच्या कागदावर मांडायला सुरुवात केली. पाण्याची पातळी म्हणजे प्रवाह नव्हे, धरणांच्या विसर्गानं सगळं बिघडतं, हे मी म्हणणार होते, पण नाही म्हटलं. तो कागद मी पाहिला तेव्हा त्यावर एक उभा चढ होता आणि मग कितीतरी दिवसांचा लांबट उतार. चढ उतारापेक्षा उभा असतो, हे वाक्य तिच्या नोट्समध्ये लाल शाईनं अधोरेखित होतंच. ‘पण मॅडम, पाऊस मंगळवारी थांबला होता,’ ती कागदावर बोट ठेवून म्हणाली. ‘पाणी गुरुवारपर्यंत चढत होतं. महाबळेश्वरचं पाणी वाटेत होतं.’ त्यानंतर तिची सरकवण्याची ओळ चुकल्याचं मला आठवत नाही. आम्ही दोघी छत्र्या घेऊन घाटावर गेलो, पायऱ्या पाण्याखाली होत्या, पाण्याला तो मातीचा, कुजलेल्या उसाचा वास होता. कुणीतरी भजी तळत होतं. पूर बघायला आलेल्या गर्दीत सगळे पाण्याबद्दल बोलत होते आणि प्रत्येकाला अगदी पक्कं माहीत होतं की उद्या किती चढणार.

नवरात्रानंतर फळछाटणी झाली आणि तिच्या मॉक टेस्ट सुरू झाल्या. या काळाविषयी लिहिण्यासारखं फारसं नाही. पेपर, की, वही; पेपर, की, वही. परीक्षेची सत्रं असतात त्या वेळीच बसायचं, सकाळी साडेनऊ ते साडेबारा किंवा दुपारी अडीच ते साडेपाच, मध्ये उठायचं नाही. दुपारच्या सत्राला तिला झोप यायची, त्यावर तिच्या आईनं जेवणात भात बंद करून भाकरी चालू केली. गुण वर जात, मग आठवडेच्या आठवडे एकाच जागी अडकून बसत. दिवाळीनंतर एकदा तर ते गेल्या वर्षीच्याही खाली गेले आणि ती चार दिवस फोन उचलेना. विकतच्या मॉकमध्ये मुद्दाम अवघड प्रश्न घालतात, हे तिला माहीत होतं. माहीत असून उपयोग होत नाही.

त्या दिवसांत गणिताचे तेरा गुण आणि जनरल ॲप्टिट्यूडचे पंधरा, एवढ्यावर मी तिला हलू दिलं नाही. सिव्हिलची मुलं हे अठ्ठावीस गुण वरवरचे समजतात, शेवटच्या वीस मिनिटांना ठेवतात. मॅट्रिक्सच्या आयगेन मूल्यांचा प्रश्न दर वर्षी कुठल्या ना कुठल्या पेपरात असतो. सगळी समीकरणं सोडवायची गरज नाही. कर्णावरच्या संख्यांची बेरीज म्हणजे आयगेन मूल्यांची बेरीज, निश्चयक म्हणजे त्यांचा गुणाकार. दोन ओळींत पर्याय बाद होतात. वर्गात मी हे शिकवायचे तेव्हा मागच्या बाकांवर खिदळणं चालायचं. आता ती एकटी समोर होती आणि खिदळायला कुणी नव्हतं, तर शिकवण्यात मलाच पूर्वीइतकी मजा येईना. तिला मात्र ते आवडलं. उत्तर काढल्यावर दुसऱ्या वाटेनं तपासून बघायची सवय तिला तिथून लागली.

डिसेंबरात कधीतरी तिनं वहीचा हिशोब पुन्हा केला. ‘पक्कं’मधलं आता पंधरा-सोळांतलं एक चुकत होतं. त्याहून मला आवडलं ते दुसरंच. ‘वाटतंय’चा रकाना वाढला होता. पूर्वी जिथे ती ‘पक्कं’ लिहायची तिथे आता थबकायची. तिच्या मैत्रिणींना वाटलं हिचा आत्मविश्वास गेला. वडिलांनी मला हळूच विचारलं, ‘पोरगी आधी फाडफाड बोलायची, आता प्रत्येक गोष्टीला “बघून सांगते” म्हणते, काही झालंय का?’ मी म्हटलं, काही झालेलं नाही, भाऊ, चांगलं लक्षण आहे. त्यांना ते फारसं पटलेलं दिसलं नाही, आणि त्यांच्या जागी मी असते तर मलाही पटलं नसतं.

दुसरा पेपर तिचा सकाळच्या सत्रात झाला. दुपारी फोन आला तो थेट वाहतूक अभियांत्रिकीच्या प्रश्नावर. ‘थांबण्याच्या अंतराचा होता, उतारावरचा. चिन्ह अधिक घ्यायचं की उणे, दोन्ही उत्तरं पर्यायांत होती. मी थांबले. परत आले. मग केला.’ दुसऱ्या एका प्रश्नावर ती सात मिनिटं घालवून उठली होती आणि तो सोडला होता. त्याचं तिला अजिबात वाईट वाटत नव्हतं, उलट जरा मिजास होती. ‘ठोकता आला असता,’ म्हणाली, ‘पण दोन पर्यायांत मला कुठलंच बाद करता येईना असं नव्हतं, मला प्रश्नच कळला नव्हता.’

निकाल ५६ चा लागला. आमच्या त्या धरून चाललेल्या सूत्रानं ६३०. एमसीक्यू तिनं गेल्या खेपेपेक्षा कमी सोडवले होते आणि चुकले होते चारच. आयआयटीला नाही, पण एका एनआयटीत जलसंपदा विषयाला जागा मिळाली, महिन्याला १२,४०० रुपये विद्यावेतन. आत्यांना छप्पन ऐकून फार समाधान वाटलं नाही. बारा हजार चारशे ऐकून वाटलं. ‘शिकायचे पैसे देतात?’ असं त्यांनी दोनदा विचारून खात्री करून घेतली.

जुलैत ती निघायच्या आधी चुलत भावाला घेऊन माझ्याकडे आली. तो मेकॅनिकलचा, त्याच फेब्रुवारीत पहिल्यांदा बसलेला, ३३ गुण. तो तिच्यामागे लागला होता, ती वही मला दे. टॉपरच्या नोट्स मागतात तशी. ती देईना. मला वाटलं बहीण-भावाचं काहीतरी भांडण असेल.

‘तुला काय उपयोग त्याचा?’ ती त्याला म्हणाली. ‘त्यात माझं चुकलेलं आहे. तुझं वेगळं चुकत असणार.’

‘अगं पण बघू तरी दे.’

‘तुझी रिस्पॉन्स शीट काढलीस का?’

त्यानं नव्हती काढली.

‘लिंक बंद झाली असेल आता. मेलमध्ये बघ, डाऊनलोड केली होतीस का फेब्रुवारीत?’ आणि माझ्याकडे वळून, ‘मॅडम, तुमच्याकडे लांबट वही आहे का एखादी? कोरी?’